पोनियेमचा कडू पेला

पोनियेमचं तोंड तिखट आणि धंदा कडू, तरी कालिगेसिंगच्या डोंगरावरच्या त्या गावात तिच्याइतकी लाडकी बाई दुसरी नव्हती. आता लाडकी म्हणजे काय, तर सकाळी ती उताराच्या वाटेला लागली की माणसं दात घासता घासता अंगणात येऊन उभी राहायची. पाठीवर टोपली, टोपलीत काढ्याच्या बाटल्या, टोपली बांधलेल्या फडक्याची छातीवर गाठ, आणि हातात पेले बुचकळायची बादली. हळद-चिंचेचा काढा बायकांना, तांदूळ आणि कचोऱ्याचा पोरांना, आणि एका कोपऱ्यात काळी बाटली, काडेचिराइताची. ही बाटली बाहेर निघाली की मोठमोठे बाप्ये देवाचं नाव घ्यायचे.

पण तिच्याकडे कडू प्यायला कोणी का-कू करायचं नाही. कारण तिची रीत. कडू पेला रिकामा झाला की लगेच करवंटीतून गोड घोट, तोही फुकट. तिच्या आईनं शिकवलं होतं, कडू तोंडानं माणूस घरी गेला की बायकोशी भांडतो आणि ते पाप पाजणारीच्या माथी येतं. जावा बेटभर काढा विकणाऱ्या बायका असा उतारा देतात, पण पोनियेमचा हात सढळ. इतर जणी जीभ ओली करतात, ही घसा ओला करायची.

वरच्या वाडीला काढा विकणारी दुसरी बाई होती, जुमिरा. ती पोनियेमच्या मागून धंद्यात आली, आणि तिच्याकडे उतारा-बितारा काही नाही. कडू प्या आणि चालू पडा. "इथे काय लग्नाचं जेवण आहे का, वर गोड द्यायला?" असं ती तोंडावर म्हणायची. दोघींचं एकमेकींशी बोलणं नव्हतं. बाजारात समोरासमोर आल्या की दोघीही एकदम मिरच्या निवडायला लागायच्या.

पोनियेमच्या उताऱ्यातला गूळ घरचा होता, नवऱ्याच्या हातचा. मुजियो माड काढायचा. सकाळ-संध्याकाळ बांबूचे नळे कमरेला लावून माडावर चढायचं, पोयीला काप द्यायचा, नीरा उतरवायची. मग पोनियेम ती कढवायची आणि करवंट्यांत ओतायची. मुजियोचा गूळ खाली पुरवोरेजोच्या बाजारात नावानिशी मागत. ह्या गोष्टीचा त्याला इतका अभिमान होता की स्वतःच्या पोरांबद्दल बोलताना तो दोन वाक्यांत आटपायचा आणि गुळाबद्दल बोलायला लागला की समोरच्याची कॉफी गार व्हायची. पोरं बिचारी जाकार्ताला निघून गेली, त्यात नवल नाही.

तर अशा ह्या मुजियोला पन्नाशी उलटल्यावर तहान लागायला लागली. कळशीच्या कळशी पाणी रिचवायचा. परसात फणसाखाली जिथे तो मोकळा व्हायचा, तिथे मुंग्यांची रांग लागली. पोनियेमनं ती त्याला दाखवली. दुसऱ्या कोणाला घाम फुटला असता. हा छाती पुढे काढून म्हणाला, "बघ मकने! माझं सगळंच गोड!"

मकने म्हणजे पोरांची आई. ती त्याला पाकने म्हणायची, पोरांचा बाप. नावं घ्यायची पद्धत नव्हती. परक्या बाईला मानानं बू म्हणत, ओळखीतल्या बाईला यू, आणि बाप्याला पाक.

"गोड नाही हो पाकने, रोग आहे तो," ती म्हणाली. "माझ्या मामाला असंच झालं होतं."

"तुझा मामा कारखान्याची पांढरी साखर खायचा. मी उभ्या जन्मात ती चाटलेली नाही. माझ्या पोटात जाते ती झाडाची माया."

आता ह्यावर काय बोलणार? गाढवाला गुळाची चव काय म्हणतात, पण ज्याला ती फारच कळते त्याचं काय करायचं, ते कोणी सांगून ठेवलेलं नाही.

गावच्या सभामंडपात महिन्यातून एकदा म्हाताऱ्यांचा दिवस असतो. आधी सगळ्यांनी हात वर-खाली करून कवायत करायची, मग दवाखान्यातल्या सिस्टर बू विनार्ती बोटाला सुई टोचून साखर बघणार, मग उकडलेली केळी. पोनियेमनं मुजियोला ढकलत तिथे नेलं. आकडा तीनशेच्या पुष्कळ वर निघाला. बू विनार्तींनी गोळ्यांची पाकिटं हातात ठेवली आणि गूळ बंद म्हणून सांगितलं. मुजियोनं मान डोलावली, घरी आला आणि पाकिटं छपराच्या वाशात खोचून दिली.

"गोळ्या आजारी माणसानं घ्यायच्या," तो म्हणाला.

"मग तुम्ही कोण?"

"मी माडावर चढतो."

हे मात्र खरं होतं. पण माडाच्या खोडाला पाय ठेवायला ज्या खाचा मारलेल्या असतात, त्यातल्या एका खाचेनं त्याच्या उजव्या पायाचा अंगठा कापला. एरवी असलं काही तो थुंकी लावून विसरायचा. ह्या वेळी जखम भरेना. कडा काळ्या पडल्या, पाणी सुटायला लागलं. अनवाणी चढणाऱ्याचा सगळा भार अंगठ्यावर. अंगठा गेला की माड गेला, आणि माड गेला की मुजियोत उरलं काय? पोनियेमला हे कोणी समजावून सांगायची गरज नव्हती. जखमेवरचं फडकं बदलताना ती हात फुलासारखा हलका ठेवायची आणि तोंडानं त्याला शिव्या घालायची.

नेमक्या त्याच सुमारास टीव्हीवर मांगीसची साल आली.

मांगीस म्हणजे मँगोस्टीन, आपल्या कोकमाच्या कुळातलं. ह्या डोंगरात घरटी दोन-चार झाडं. जांभळं जाड कवच फोडायचं, आतला पांढरा गर खायचा, कवच वाटेवर भिरकावायचं. त्यावरून घसरून पडलेल्या माणसांची गावात कमतरता नव्हती. सालीचा डाग कपड्याला लागला तर कपडा फाटेल पण डाग जाणार नाही, एवढीच तिची ख्याती. आणि आता पांढरा कोट घातलेला एक गोरागोमटा माणूस पडद्यावरून सांगत होता की ह्या सालीत अँटिऑक्सिडंट असतात, साल साखर उतरवते, रक्त साफ करते आणि माणूस तरुण दिसतो. तो स्वतः तरुणच होता, त्यामुळे पुरावाही समोर होता.

झालं! गावाला वेड लागलं. पाहुण्याला मांगीस खायला देत, पण साल ठेवून जा म्हणत. अंगणाअंगणात साली वाळायला पडल्या, कोंबड्यांचे पाय जांभळे झाले. खालून टेम्पो घेऊन व्यापारी यायला लागले आणि गर फेकून साल विकणारेही लोक निघाले. शेकडो वर्षं ज्या गोष्टीवरून आपण घसरत आलो, तिच्यात अमृत होतं, हे कळल्यावर माणसाला स्वतःची फार कीव येते. आणि कीव आली की तो दुप्पट किमतीनं विकत घ्यायला तयार होतो.

मुजियोही तयार झाला. "हे मी घेईन," तो म्हणाला. "आपल्या मातीतलं आहे. उकळ."

पोनियेमनं साल फोडली, आतला लालभडक मगज चमच्यानं खरवडला, सालीसकट उकळला. काढा इतका तुरट झाला की जीभ टाळूला चिकटून बसावी. मुजियोनं एक घोट घेतला आणि अंगणात थुंकला.

"मकने, औषध उकळलंस की माझी जुनी चप्पल?"

"प्या गुपचूप! अंगठा बघा स्वतःचा!"

"नाही जात."

मग तिनं तेच केलं जे तिच्या आईनं शिकवलं होतं. करवंटीभर उतारा समोर धरला. कडू पेला एका दमात खाली गेला, गोड घोट त्याच्या मागोमाग. मुजियोनं मिशा पुसल्या. "आता कसं! औषध असं पाहिजे."

पुढच्या महिन्यात आकडा वाढला. साल कमी पडली असणार, दोघांचं एकमत झालं. तिनं काढा दाट केला. काढा दाट झाला म्हणजे जास्त कडू झाला, म्हणून उताराही वाढवला. आकडा आणखी वर गेला. तिनं साल आणखी वाढवली. हिशोब चोख होता, फक्त उलटा चालला होता. आणि घरचं कशाला, दारोदारीही तेच. खालच्या वाडीतले साखरेचे सगळे म्हातारे पोनियेमचा मांगीस-काढा प्यायचे आणि वर तो सुप्रसिद्ध घोट. "तुझ्या हातचं कडू सुद्धा गोड लागतं गं," बू लास्त्री म्हणायची. बू लास्त्री शेजारची विधवा, शाळेत पोरांचा स्वयंपाक करून निवृत्त झालेली, पोनियेमची जिवाभावाची. गोड लागतं कारण ते गोडच होतं, हे दोघींच्याही ध्यानात आलं नाही.

म्हाताऱ्यांच्या दिवशी मात्र गावाच्या ध्यानात भलतंच आलं. खालच्या वाडीचे आकडे वर चाललेत आणि वरच्या वाडीचे, म्हणजे जुमिराच्या गिऱ्हाइकांचे, हळूहळू उतरताहेत. निकाल लागला. जुमिराची साल ताकदीची! झाडं तीच, डोंगर तोच, साल तीच. पण लोक म्हणायला लागले की तिला कुठली तरी जुनी विद्या येते. जुमिराचा म्हातारा नवरा विजी तर म्हणे तिचा काढा घेऊन पुन्हा कुदळ मारायला लागला.

"कानामागून आली नि तिखट झाली," पोनियेम घरी येऊन बादली आपटत म्हणाली. "उतारा द्यायला हात आखडतो मेलीचा, आणि म्हणे विद्या!"

चार दिवसांनी बू विनार्ती मुजियोची जखम बांधायला घरी आल्या. बरोबर काढ्याच्या वेळेला. पोनियेमनं कडू पेला दिला, मग करवंटी भरून उतारा दिला. सिस्टरच्या हातातली पट्टी हातातच राहिली.

"यू पोनियेम, हे काय आहे?"

"गोड."

"कशाचं?"

"ह्यांच्या गुळाचं."

"साखर नाही हो त्यात, बू," मुजियोनं खुलासा केला. "माडाचा आहे."

बू विनार्तींनी करवंटी त्याच्यापुढून उचलून बाजूला ठेवली. मग म्हणाल्या, "पाक मुजियो, गूळ माडाचा असो नाहीतर देवाच्या घरचा असो, रक्तात गेला की साखरच. तुम्ही रोज साखर उतरवायचं औषध साखरेबरोबर पिताय."

"पण साल?" पोनियेमनं विचारलं.

"सालीत काहीतरी आहे असं शोध करणारे म्हणतात. उंदरांवर करून बघितलंय, बरं दिसलंय. माणसांचं अजून ठरायचंय. गोळीचं मात्र ठरलंय."

"म्हणजे उंदरांना साल आणि मला गोळी?" मुजियो तडकला. "मी काय उंदरापेक्षा कमी आहे? गोळी घेणार नाही म्हणजे नाही."

फाटकापर्यंत पोचवायला गेलेल्या पोनियेमला बू विनार्तींनी हळूच सांगितलं की अजून महिनाभर असंच चाललं तर अंगठा कापायला शहरात न्यावं लागेल. अंगठ्यावरच थांबेल असंही नाही.

पोनियेम खाली मान घालून उभी राहिली. आपणच पाजलं. रोज, मायेनं, करवंटी भरभरून. तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मग एकदम तिनं विचारलं, "बू, ती गोळी कुटून दिली तर चालते?"

"कुटून चालते. पण त्यांना सांगून द्या."

पोनियेमनं ह्यातलं पहिलं वाक्य ऐकलं.

दुसऱ्या दिवसापासून उतारा बंद. सगळ्यांचा. गावात हाहाकार उडाला. "यूला जुमिराची हवा लागली," असं म्हणत लोक तोंड वाकडं करून घरी गेले आणि खुशाल बायकोशी भांडले. बू लास्त्रीनं तर दोन दिवस अबोला धरला. घरी मुजियोनं पेला बाजूला सारला. पोनियेम हळद वाटता वाटता, त्याच्याकडे न बघता म्हणाली, "राहू दे. विजी तर बिनगोडाचं घटाघटा पितो म्हणे. असतात एकेक बाप्ये."

मुजियोनं पेला उचलला आणि डोळे मिटून रिकामा केला. काढ्यात वाशातली गोळी होती, हळदीच्या वरवंट्याखाली पीठ झालेली. इतक्या तुरटपणात तिची चव कोणाच्या बापाला कळणार?

जेवणानंतरची गुळाची ढेप तिनं कुलपात टाकली. म्हणाली, सालीला गोडाचं वावडं आहे, टीव्हीवर सांगितलं. टीव्हीवर सांगितलं म्हटल्यावर तो गप्प बसला.

आकडा उतरायला लागला. जखमेचं पाणी आटलं, कडा लाल झाल्या, मग गुलाबी झाल्या, आणि एके दिवशी बू विनार्तींनी पट्टी सोडली ती पुन्हा बांधलीच नाही. पोनियेम मोरीत जाऊन तोंडात पदर कोंबून रडली. मुजियो कॉफीच्या टपरीवर गेला.

तिथे बाकावर पाय वर घेऊन त्यानं अंगठा मांडून ठेवला, मंदिरात मूर्ती ठेवावी तसा. येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवायचा. "बघा! नुसती साल! अँ-टि-ऑ-क्सि-डंट!" हा शब्द त्यानं तोंडपाठ केला होता. "सिस्टर म्हणाली होती कापायला लागेल. आता सिस्टरच बघत बसते." गावात ह्या अंगठ्याइतकं नाव कुठल्याच पुढाऱ्याला मिळालेलं नव्हतं. पोनियेमच्या दारात पुन्हा रांग लागली, बिनगोडाची सुद्धा चालेल म्हणत. ती सगळ्यांना साल उकळून द्यायची आणि आपलं तोंड शिवून ठेवायची. खरं बाहेर पडलं तर पाकने पुन्हा गोळी घेणार नाही, हे तिला स्वच्छ दिसत होतं.

आणि मग एका सकाळी बू लास्त्री पेला परत देत म्हणाली, "तुझ्या नवऱ्याचा अंगठा बघितला आणि माझ्या सगळ्या गोळ्या दिल्या माशांच्या तळ्यात टाकून. आता त्या माशांना साखर होणार नाही बघ!" आणि खदखदून हसली.

पोनियेमनं तिचं मनगट धरलं. "कशाला टाकल्यास? घे गं बाई गोळ्या, घेत जा."

"का? मुजियो कुठे घेतो?"

"त्यांचं वेगळं आहे."

"काय वेगळं?"

पोनियेमच्या तोंडापर्यंत आलं, पण कुंपणापलीकडे मुजियो कोयती घासत होता. ती बाटल्या उचलून निघाली. दिवसभर पाठीवरची टोपली तिला धोंड्यासारखी वाटली.

पुढच्या म्हाताऱ्यांच्या दिवशी कवायतीत हात वर केले आणि बू लास्त्री जागच्या जागी कोसळली. धावाधाव झाली. पाणी मारलं, बोट टोचलं. आकडा बघून बू विनार्तींचा चेहरा उतरला.

"गोळ्या कधी सोडल्या?"

बू लास्त्रीनं चटईवर पडल्या पडल्या मुजियोच्या पायाकडे बोट दाखवलं. मुजियोला वाटलं कौतुकच चाललंय. त्यानं पाय थोडा पुढे केला.

"तुझी साल कच्ची राहिली असणार," तो बू लास्त्रीला म्हणाला. "माझ्याकडे बघ. एक गोळी पोटात गेली नाही."

"गेली," पोनियेम म्हणाली.

सगळे वळले. आता तिला वाचा फुटली होती. "रोज गेली. मी कुटून घातली, पेल्यात. अंगठा गोळीनं भरलाय. सालीचं मला ठाऊक नाही. पण तुमच्या पाया पडते, गोळ्या टाकू नका."

मग मागच्या ओळीतून कोणीतरी हसलं.

"आता साल महाग करायचा डाव दिसतोय!"

"आपलं औषध लोकांना द्यायचं नाही, म्हणून गोळीवर ढकलते बघा. आधी उतारा बंद केला, आता हे."

"अहो, नवऱ्याला ठाऊक नाही आणि गोळी पोटात जाते, असं कुठे असतं का?"

एवढा खटाटोप करून माणूस खरं बोलतो आणि लोक त्याला लबाड म्हणतात. खोटं बोलत होती तेव्हा देवमाणूस होती! पोनियेम मुजियोकडे बघत होती. त्याचा चेहरा आधी लाल झाला, मग राखेसारखा.

"खोटं बोलते ही," तो म्हणाला. "माझा अंगठा सालीनं भरलाय." आणि निघून गेला. जाताना त्यानं चपला घातल्या नाहीत.

एकट्या बू लास्त्रीनं पोनियेमच्या तोंडाकडे नीट बघितलं, आणि सिस्टरपुढे हात केला. "द्या बाई नवीन पाकीट."

घरी मुजियो ओट्यावर बसला होता. पोनियेम समोर उभी राहिली.

"खरं होतं ना ते?" त्यानं विचारलं.

"हो."

"दूध न पिणाऱ्या पोरासारखं फसवलंस मला. गावात अंगठा दाखवत फिरत होतो मी. लोक हसतील."

"कोणी विश्वास ठेवला नाही हो पाकने."

"मी ठेवला ना!" तो ओरडला. मग आवाज खाली आणून म्हणाला, "आजपासून तुझ्या हातचं पाणी सुद्धा नको. साल मी जुमिराकडे पिणार. गोळीशिवाय. बघू कोण खरं, साल की तू."

"पाकने, पाया पडते..."

"बास."

आणि बोलला ते केलं. रोज सकाळी वरच्या वाडीला जायचा, जुमिराकडे पेला रिकामा करून तिथूनच माडांवर. जेवण त्याचं तोच वाढून घ्यायचा. पोनियेम हंड्याआडून त्याच्या पायाकडे बघायची. पंधरवड्यात तिला दिसलं की ओट्याची पायरी चढताना तो पाय अलगद ठेवतोय. नव्या कातडीच्या कडेला पुन्हा काळी रेघ उमटली होती. तो अंगठा फडक्यात गुंडाळून ठेवायला लागला आणि विचारलं तर म्हणायचा, मुंगी चावली. मुंगी! मुंग्यांना तरी कुठे सोडलं ह्या माणसानं!

तिनं पाकीट कमरेला खोचलं आणि वरच्या वाडीची वाट धरली. ही वाट ती कित्येक वर्षांत चढली नव्हती. पाय ओढत होते. जुमिराच्या दारात उभं राहून हात पसरायचे, ह्यापेक्षा जमिनीनं पोटात घ्यावं असं तिला वाटत होतं. पण त्या काळ्या रेघेपुढे मानापमान घेऊन काय चाटायचाय?

जुमिरा पडवीत आलं वाटत होती. वर बघून म्हणाली, "इकडे मिरच्या नाहीत हं निवडायला."

"यू जुमिरा, मी भांडायला नाही आले." पोनियेम म्हणाली. तिनं पाकीट काढून पाट्याच्या कडेला ठेवलं. "ह्यांच्या पेल्यात रोज एक घाल. तुझ्या पाया पडते. त्यांच्या पायाला पुन्हा लागलंय. माझ्या हातचं घेत नाहीत."

जुमिरानं पाकिटाकडे बघितलं. हसली नाही. उठून आत गेली आणि तांदळाच्या डब्यातून आणखी एक पाकीट घेऊन आली. तसंच, त्याच रंगाचं, अर्धं संपलेलं.

"विजीचं," ती म्हणाली. "गोळी म्हटलं की ओकारी येते म्हाताऱ्याला. तुला काय वाटलं, तूच तेवढी शहाणी? माझ्या सालीत काय भूत बसलंय?"

पोनियेमनं दोन्ही पाकिटं शेजारी शेजारी ठेवून बघितली. "आणि बाकीचे? तुझी गिऱ्हाइकं?"

"त्यांना दारातच विचारते, गोळी घेऊन आलात का. नाही म्हणाले की पेला देत नाही, शिव्या देते. म्हणून तर तुझ्यासारखी लाडकी नाही मी. तुझा नवरा रोज तोंड वर करून सांगतो, घेतली म्हणून. डोळ्यात बघून खोटं बोलतो मेला."

"मग एवढं सगळं माहीत असून गावाला सांगितलं का नाहीस?"

"तू सांगितलंस ना? काय झालं?"

जुमिरानं आल्याचा गोळा बाजूला केला, पाटा धुतला आणि म्हणाली, "तू वाटलेली जाड राहत असणार. पीठ झालं पाहिजे, नाहीतर तळाशी बसतं. बघ इकडे." दोघी पाट्यापाशी बसल्या आणि कितीतरी वेळ उठल्या नाहीत. विजी मागच्या दारी कुदळ मारत होता, आणि सालीनं कशी ताकद येते ते कोंबड्यांना सांगत होता.

त्यानंतरच्या म्हाताऱ्यांच्या दिवशी मुजियो सगळ्यांच्या पुढे रांगेत उभा राहिला. बोट टोचलं गेलं. आकडा उतरला होता, चांगलाच. अंगठ्याची काळी रेघही गेली होती, बू विनार्तींनी वाकून तपासली आणि पोनियेमकडे एकदा नुसतं बघितलं. मुजियो मंडपाच्या मधोमध आला. कित्येक आठवड्यांनी तो बायकोशी बोलत होता, आणि तेही साऱ्या गावासमोर.

"बघितलंस ना मकने? ना गोळी, ना फसवाफसवी. नुसती साल! पण उकळणाऱ्याच्या हाताला गुण लागतो. तुझ्याकडे तो नाही, कधी नव्हताच."

लोक हसले. बू लास्त्रीनं झंपरात ठेवलेल्या पाकिटावर हात ठेवला आणि दुसरीकडे बघायला लागली. खांबाला टेकलेली जुमिरा छपरातल्या पाली शोधत होती.

पोनियेमला तीस वर्षांचा धंदा आठवला नाही, आईची रीत आठवली नाही. तिनं फक्त त्याच्या पायाकडे बघितलं. अनवाणी, धड, पाचही बोटं जमिनीला टेकलेली.

"खरंय पाकने," ती म्हणाली, मागच्या ओळीपर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात. "जुमिराच्याच हाताला गुण आहे. तिच्याकडेच पीत जा."